बारावं पाऊल

“गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेत आणि तुला फळीवर चालायला जायचंय,” मुलगा म्हणाला. सकाळपासून तिसऱ्यांदा. “तेही ज्या सिनेमात तुझं नावसुद्धा नाही, त्याच्यासाठी.”

आई टॉवेलांच्या घड्या घालत राहिली.

स्टुडिओत तिला सगळे पावलंबाई म्हणत. पडद्यावर नट्या चालायच्या आणि त्यांच्या चालण्याचा आवाज ती काढायची. जाड पडदे लावलेली खोली, लाकडी फळी, वाळूचा ट्रे. सळसळ नको म्हणून अंगावर धुऊन मऊ झालेले सुती कपडे. सव्वीस वर्षं समोरचे पाय बघायचे आणि आपले टाकायचे.

त्या जुन्या खुनाच्या सिनेमात मात्र बघायला पायच नव्हते. माडीवरच्या खोलीत बायकोचा खून झालेला, दाराला कुलूप, आणि खाली बसलेल्या नवऱ्याला वरून पावलं ऐकू येतात. कपाटापासून खिडकीपर्यंत, अकरा. तो वर जाऊन कुलूप काढतो. खोली रिकामी.

पावलंबाई अनवाणी अकरा पावलं चालली आणि थांबली. ध्वनिमुद्रकाने ऐकवलं तेव्हा ती बारा होती. बारावं, पडद्यावर नवऱ्याने दार उघडल्यानंतरचं. स्टुडिओच्या खोलीत ही फळीवर आणि तो स्टुलावर, तिसरं कोणी नाही. पुन्हा चालली, तर अकराच. दिग्दर्शकाने दोन्ही ऐकलं, पहिलं पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाला, पहिलंच ठेवा.

थिएटरात बाराव्या पावलाला रांगेतल्या बायकांनी पाय खुर्चीवर घेतले होते. हिनेही घेतले. स्वतःच्या चालण्याला घाबरणारी सासू मी पहिलीच बघतेय, असं सून चिडवायची. “ते माझं नव्हतं गं,” एवढंच सासू म्हणायची.

आज सकाळी साउंडवाली मुलगी घरी आली होती. तो जुना सिनेमा दुरुस्त करतायत, पावलांच्या रिळाचा आवाज गेलाय, पुन्हा चालून द्याल का, बाराच्या बारा पावलं? तिने फोनवर ऐकवलं. नुसती खरखर, धान्य चाळत बसावं तशी. अकरा पावलांतलं एकही शिल्लक नव्हतं. मग खरखर थांबली आणि एक पाऊल पडलं. स्वच्छ. शेजारच्या खोलीत पडावं तसं.

सुनेच्या हातातली इस्त्री वरच राहिली. मुलगा उठून पॅसेजमध्ये डोकावून आला. पाणी प्यायला गेलो होतो, म्हणाला. तेव्हापासून तो चिडलेला होता.

फिल्मचा तेवढाच तुकडा चांगला राहिला असेल, त्यात काय एवढं, असं तो आताही सांगत होता. पण पॅसेजकडे पाठ करून बसत नव्हता.

आईने शेवटचा टॉवेल ठेवला. काठी भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि कपाटापासून खिडकीकडे निघाली. सून मनात मोजत होती. मुलगाही मोजत असावा, त्याचे ओठ हलत होते. अकराला ती थांबली. तिघंही वाट बघत राहिली. घरात कसलाच आवाज झाला नाही.

ती वळली.

“उद्या दहाला मी स्टुडिओत जाणार आहे. अकरा चालून देईन. बारावं त्या माडीवरच्या बाईचं आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही.”