गुंड्या बोलला तेव्हा माझ्या तोंडात बाकरवडी होती

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तुमचाही नसेल तर उत्तम... सांगायला जास्त मजा येईल.

रिटायर झाल्यावर मी बोलक्या बाहुल्यांचा खेळ शिकलो. शिकलो म्हणजे — बाहुला बोलतो तेव्हा माझे ओठ हलतात. बिबवेवाडीतल्या एका लहान मुलांच्या हॉस्पिटलात दर शनिवारी मी माझ्या बाहुल्याला, गुंड्याला घेऊन जातो. मुलं ओरडतात, "आजोबा, ओठ हलले!" सगळ्यात मोठ्यानं ओवी ओरडायची.

ओवी गेली, त्याच आठवड्यातली ही गोष्ट.

हेड सिस्टर जगतापबाईंनी मला दारातच अडवलं. "अहो, आज खेळ माझ्या नर्स पोरींना दाखवा. ओवी शीतलच्या हातात गेली. ती रडत नाही, बोलत नाही. नोकरी सोडते म्हणते."

"बाई, मी काय समुपदेशक आहे?"

"ते येऊन गेले. स्लाइड्स दाखवून गेले. तुम्ही निदान स्वतःचं हसं तरी करून घेता."

दुपारी ड्यूटी बदलताना नर्सेसच्या खोलीत खेळ सुरू केला. एकही हसली नाही. शीतल नुसती स्वतःच्या हातांकडे बघत होती. मी इतका गडबडलो, की समोरच्या ताटलीतली बाकरवडी उचलून अख्खी तोंडात कोंबली. गुंड्या मांडीवर तसाच.

आणि गुंड्या म्हणाला, "सिस्टर, तुम्हाला लागलं का? झालं हं आता."

"तोंडात घास घेऊन बोलू नका," जगतापबाई म्हणाल्या... आणि माझे फुगलेले गाल बघून गप्प झाल्या.

शीतल उभी राहिली. "सुई टोचून झाली की ओवी मला हेच विचारायची. पडद्याआड. फक्त मला."

मग ती रडली. हमसून हमसून. बाकीच्या तिला धरून बसल्या आणि एकेक जण आपापल्या गेलेल्या छोट्या पेशंटांची नावं घेऊ लागली. ती नावं तिथं एरवी कुणी काढत नसे.

शेवटी डोळे पुसून शीतल म्हणाली, "बाई, उद्याची सकाळची ड्यूटी माझीच ठेवा."

घरी आरशासमोर मी बाकरवड्यांचं पाकीट संपवून पाहिलं. गुंड्या ढिम्म. बायको म्हणाली, "निदान खाताना तरी बोलू नका."

कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर सांगा. माझ्याकडे नाही. ओवीचा तो प्रश्न मला माहीतच नव्हता, एवढं मात्र लक्षात घ्या.

आता एखादं मूल गेलं की त्या सगळ्या ठरवून त्या खोलीत बसतात, त्याचं नाव घेऊन बोलतात. मी गुंड्याला टेबलावर ठेवतो आणि गप्प बसतो — हाही माझ्या बाबतीत चमत्कारच.

परवाच्या शनिवारी एक नवा पेशंट ओरडला, "आजोबा, ओठ हलले!"

सलाईनची बाटली घेऊन शीतल दारात उभी होती. "हलू देत रे," ती म्हणाली. "शिकतायत अजून."