पखवाजाला ज्वारीचं पीठ

दुसरीतून शाळा सुटली आणि मी मेंढरांमागं गेलो. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील, त्या निघू द्या. पण अडुसष्टाव्या वर्षी मी पखवाज कसा शिकलो हे गावात जो तो आपल्या मनानं सांगतो, म्हणून मीच सांगतो.

आमच्या मारुतीच्या देवळात दर गुरुवारी दिवेलागणीला भजन असतं. चाळीस वर्षं मी तिथं पार मागं, चपलांपाशी बसून टाळ वाजवला. पखवाजवाला पुण्याला लेकाकडं राहायला गेला आणि पखवाज खुंटीला लटकला. भजनाचा कारभार रिटायर मास्तरांकडं. ते म्हणाले, शेजारच्या गावचा वादक बोलवू.

मी म्हणालो, "कशाला? म्या वाजवतो."

मास्तर हसले. "आप्पा, हे मेंढरं कातरायचं काम न्हाय."

"कातरायला बी दोन हात लागत्यात, मास्तर."

"बरं. होळीपर्यंत थांबतो. जमलं तर पखवाज तुमचा. न्हाय तर टाळ घ्यायचा अन् गप मागं बसायचं."

सगळ्यांदेखत बोलले. मीही सगळ्यांदेखत व्हय म्हणालो.

उमरग्याला हायवेवर टायरचं दुकान असलेला एक माणूस पखवाज चांगला वाजवतो, ही खबर मला होती. वय माझ्या निम्मं. मी त्याला उस्ताद म्हणायचो, तो मला आप्पा. आठवड्यातून दोनदा एसटीनं जायचो. पहिला महिनाभर त्यानं पखवाजाला हात लावू दिला नाही. ट्रकचं जुनं टायर पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "यावर मारा. ता, दिं, थुं, ना." तो पंक्चर काढायचा, मी टायर बडवायचो. एकदा एक ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, त्यात हवा भरायची ऱ्हायली का?" मी म्हणालो, "तुझ्यात भरू का?" तो गपचूप ट्रकमध्ये जाऊन बसला.

पुढं पखवाज मांडीवर आला आणि खरी पंचाईत झाली. उजवा हात उचलला की डावाही त्याच्याबरोबर उठायचा. उस्ताद पार बेजार. "आप्पा, दोन हातांचं काम येगळं हाय." एवढंच सांगायचा. कसं वेगळं, ते त्यालाही सांगता येईना.

ते मला घरी कळलं. पाच मेंढरं अजून दारात आहेत. एकाला मांडीखाली दाबून कातरत होतो. डाव्या हातानं कातडी ताणून धरायची, उजव्यानं कातरी चालवायची. डावा ढिला पडला की मेंढराला जखम. पन्नास वर्षं माझे दोन हात दोन कामं करत होते आणि मला पत्ता नव्हता. पुढच्या खेपेला उस्तादसमोर मी मनात मेंढरू धरलं आणि वाजवलं. उस्तादनं हातातली ट्यूब खाली ठेवली. "हे कुठं शिकलात?" मी म्हणालो, "कातरताना."

होळीच्या आधीचा गुरुवार आला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला मळलेलं पीठ थापावं लागतं, तेव्हाच तो घुमतो. उमरग्याला ते काम उस्ताद स्वतः करायचा, पिशवीतून गोळा काढून. कसलं पीठ, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात पीठ म्हणजे ज्वारीचं. म्हातारीला म्हणालो, "पीठ मळून दे थोडं." तिनं दिलं.

देवळात बसलो. पहिला अभंग अर्धाही झाला नसेल, पीठ वाळून तडकलं. एक ढेपूळ माझ्या धोतरावर पडलं, दुसरं टाळकऱ्याच्या मांडीवर. घुमारा गेला, नुसता डबा वाजायला लागला. मास्तर गाणं थांबवून म्हणाले, "आप्पा, भाकरी करायला बसलात का?" सगळं देऊळ हसलं. "ऱ्हाऊ द्या. पुढच्या गुरुवारी त्या वादकाला सांगतो."

घरी म्हातारीनं धोतर बघितलं. "अवो, गव्हाची कणीक लागती त्याला. ज्वारीला चिकटपणा कुठाय? इचारायचं तरी व्हतं."

"तुला म्हाईत व्हतं तर सांगायचं."

"पखवाजाला पायजे हे कुठं बोलला तुमी?"

ते खरं होतं. पण मी तसं कबूल केलं नाही, आताही करत नाही.

पुढच्या गुरुवारी दिवस मावळायच्या आत देवळात गेलो. कणकेचा गोळा ओल्या फडक्यात. पखवाज खुंटीवरून काढला, मांडीवर घेतला आणि मधोमध बसलो. मास्तर आले, मागून तो वादक आला, सरळ माणूस, इस्त्रीचा सदरा.

"आप्पा, उठा. पाव्हणे आलेत."

"त्यास्नी चहा पाजा, लांबून आलेत. म्या न्हाय उठत."

"होळी झाली, आप्पा."

"हात बरोबर व्हते माझे. पीठ चुकलं व्हतं."

मास्तरांनी वादकाकडं बघितलं. वादक भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "वाजवू द्या की. म्या ऐकतो."

अभंग सुरू झाला. दोनदा ठेका सुटला, खोटं सांगत नाही. दोन्ही वेळा परत धरला. कणीक जागची हलली नाही. शेवटची थाप टाळांबरोबर पडली. कुणी हसलं नाही, कुणी वाहवाही केली नाही. मास्तर वही चाळत राहिले.

मग वर न बघताच म्हणाले, "पीठ कशाचं हाय?"

"गव्हाचं."

"मग घ्या पुढचा."