गरीब चालीची जीप

घनसावंगीत आणि आसपासच्या गावांत भुजंगरावांना विचारल्याशिवाय कुणी बैल घेत नसे. ते दलाल नव्हते. निवडलेलं जनावर घरी पोचलं की त्या घरी पुरणपोळीचं जेवण, एवढीच त्यांची बिदागी. बाजारात ते आधी बैलाशी बोलत, मग मालकाशी, आणि बहुतेक वेळा विश्वास बैलावर ठेवत. त्यांनी निवडलेला बैल परत बाजारात नेऊन उभा करण्याची पाळी आजवर कुणावर आली नव्हती. त्यांच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते त्यांना पुरत होतं.

"बैलाचं बराबर कळतं तुम्हाला," त्यांच्या बायको सोनूबाई म्हणत. "जावई निवडताना कुठं गेल्ती ही नजर?"

"जावई दात बघू देत न्हाईत," भुजंगराव म्हणत आणि पटका बांधून बाहेर पडत.

मात्र एकोणीसशे पंचावन्नच्या हिवाळ्यात त्यांच्याकडे जे काम आलं त्याला शेपूट नव्हतं.

दुर्गाबाईंचा मार्तंड डॉक्टर होऊन गावात परतला होता. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात बैलगाडी आसापर्यंत रुतते. मार्तंड सायकल खांद्यावर घेऊन रोग्याकडे पोचायचा आणि पोचल्यावर आधी त्यालाच गरम पाणी द्यावं लागायचं. म्हणून त्याला जीप हवी होती. लढाईतल्या जुन्या जीपगाड्या जालन्यात विकायला आल्या होत्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या. दुर्गाबाईंनी दोन महिने नकार दिला. मार्तंड लहानपणी झोक्यावरून पडला तेव्हापासून त्यांना हलणाऱ्या कुठल्याच वस्तूचा भरवसा उरला नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "घे. पण भुजंगभावजी निवडतील तीच घ्यायची."

मार्तंड हसला आणि लगेच कबूल झाला. आई ज्या दारातून सोडेल त्या दारातून जायचं, हे तो लहानपणीच शिकला होता.

दुर्गाबाईंनी भुजंगरावांना परसदारी बोलावलं. "भावजी, जनावर गरीब बघा. माणसाच्या चालीनं चालणारं. पळणारं बिलकुल नको. शब्द द्या."

त्या डोळ्यांतून पाणी काढतील या भीतीनं भुजंगरावांनी शब्द दिला. पुढच्या दारी मार्तंड उभाच होता. "भुजंगकाका, ताकदीची बघा हं. चिखलातून अशी उपसून निघाली पाहिजे."

त्यालाही भुजंगरावांनी शब्द दिला. घरी येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की ताकदीचं आणि गरीब असं जनावर त्यांना सगळ्या हयातीत फार तर दोनदा भेटलं होतं, आणि त्यातली एक म्हैस होती.

जालन्याला मोंढ्यामागच्या आवारात रखमाजी जीपवाल्याकडे दोनच गाड्या उरल्या होत्या. एक ताज्या हिरव्या रंगाची, चकचकीत. दुसरीचा रंग उडालेला, आणि बोनेटवर पांढरी चांदणी.

भुजंगराव हिरवीसमोर उकिडवे बसले आणि पुढच्या जाळीच्या उभ्या फटींवरून बोट फिरवू लागले.

"काका, ती हवा आत जायची जाळी आहे," मार्तंड म्हणाला.

"सातच?" भुजंगराव म्हणाले. "जनावराचे दात जोडीनं येतात. दोन, चार, सहा, आठ. सात म्हणजे एक पडला."

रखमाजीनं मार्तंडकडे पाहिलं. मार्तंडनं आभाळाकडे पाहिलं.

चांदणीवालीला नऊ निघाले. "आठ पुरे, वर एक जादा. जून आहे," भुजंगराव म्हणाले, "पण दात सगळे जागेवर आहेत." मग ते बोनेटवर ओणवे झाले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला घोडा जुने रिसालदार घरात घेत नसत. अंगठ्याखाली झाकेल एवढा ठिपका असेल तर धनी बुडतो, मोठा असेल तर हरकत नाही, असा त्यांचा हिशेब. भुजंगरावांनी चांदणीवर अंगठा ठेवला. चांदणी ताटाएवढी होती.

"झाकत न्हाई," ते म्हणाले. "कपाळ साफ आहे."

"बर्माच्या जंगलातून लढाई करून आल्ती ही," रखमाजीला तेवढ्यात जोर आला.

"लढाईहून परत आली का पळून आली, ते चालवून बघू. आधी ती हिरवी सुरू करा."

मार्तंड हिरवीत चढला. त्यानं कळ दाबली मात्र, गाडीनं असा हिसका दिला की समोर उभे असलेले भुजंगराव मागच्या पेंढ्यांच्या गंजीवर जाऊन बसले.

"मारकी!" ते तिथूनच ओरडले.

"न्हाई हो काका, गिअरमधी राह्यल्ती," रखमाजी म्हणाला.

"मारक्या बैलाचा मालक हेच म्हणतो. आजच कसा मारला म्हणतो."

हिरवीचा निकाल तिथंच लागला. चांदणीवाली मात्र हँडल मारल्यावर नुसती थरथरली, माशी बसल्यावर बैलाची कातडी थरथरते तशी. भुजंगरावांचा चेहरा पाघळला. तरी जुंपून बघितल्याशिवाय ते कुठलंच जनावर घेत नसत. त्यांनी जीपमध्ये पोती भरायला लावली आणि तिला कुंडलिकेच्या पात्रातल्या गाळात उतरवलं.

जीप मधोमध रुतली. रखमाजीनं पायाजवळचे दोन छोटे दांडे ओढले. पुढची चाकं गाळात नखं रोवल्यासारखी फिरली आणि जीप कण्हत कण्हत, एकेक हात पुढं सरकत काठावर आली. भुजंगराव धोतर खोचून तिच्या कुशीवर हात ठेवून शेजारून चालत होते. चालता चालता त्यांना साक्षात्कार झाला. ताकद तर होतीच, पण चाल? चाल माणसाची!

"हीच," ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. गावाकडे निघालेल्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ त्यांनी दुर्गाबाईंना निरोपही दिला: वैनी, गरीब मिळाली. माणसाबरोबर चालते.

संध्याकाळच्या आत घरी पोचायचं म्हणून मार्तंड लगेच निघाला. जालना मागं पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि त्यानं ते छोटे दांडे पुढं सारले. चांदणीवालीनं मान खाली घातली आणि सुटली. भुजंगरावांचा पटका आधी सैल झाला, मग उभा राहिला, मग मागच्या बाभळीला जाऊन अडकला.

"मार्तंडा! फिरली रे! जनावर फिरलं!"

"फिरली नाही काका, हीच तिची चाल. मघाशी चिखलापुरती हळू केली होती."

"मंग मला सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही विचारलं का? तुम्ही दात मोजून राह्यल्ते."

बाभळीवरून काढून आणलेला पटका भुजंगरावांच्या मांडीवर होता, फाटलेला. पहिल्यांदाच त्यांचं निवडलेलं जनावर वाईट निघालं होतं, आणि तेही बाईमाणसाला शब्द देऊन. वेशीजवळ ते एवढंच म्हणाले, "गावात तरी चालीनं घे."

मार्तंडनं दांडे ओढले. जीप कण्हत दारात आली. दुर्गाबाईंनी चारही चाकांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि तिच्या कुशीवर हात ठेवून मारुतीच्या पारापर्यंत शेजारून चालत गेल्या. सगळं गाव पाहत होतं.

"शब्द पाळलात, भावजी," त्या म्हणाल्या. "आता जेवायला चला."

पानात पुरणपोळी आली, वर तुपाची धार आली. भुजंगरावांनी पहिला घास कसाबसा घेतला. दुर्गाबाई समोर पंखा घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या घासाला त्यांनी हात पानाबाहेर काढला.

"वैनी, मला ही पोळी खाता येत न्हाई. ते जनावर पळतं. वाऱ्यासारखं पळतं. माझी नजर चुकली. उद्या परत नेऊन बांधतो."

मार्तंडच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"ठाऊक आहे मला," दुर्गाबाई म्हणाल्या. "दुपारपासून माळवदावर उभी होते. पार त्या टेकडीपासून धुळीचा लोट येत होता. माणसाच्या चालीला एवढी धूळ उडते होय? तुम्ही दुसरी पोळी मागता का, तेवढंच बघून राह्यले होते."

भुजंगरावांनी मान खाली घातली.

"परत बिरत काही न्यायची नाही. पावसात माझा लेक सायकल खांद्यावर घेऊन जातो, ते काय मला बघवतं? पण निवडली तुम्ही, तेव्हा वेसण तुमच्या हाती. ती जिथं जाईल तिथं तुम्ही संगं जायचं. वाढ रे मार्तंडा, काकांना पोळी वाढ."

तेव्हापासून डॉक्टरांच्या जीपमध्ये शेजारच्या जागेवर भुजंगराव दिसू लागले. त्या छोट्या दांड्यांवर एक हात कायम ठेवलेला. पावसाळ्यात ती कुणाच्याही बांधापर्यंत पोचायची आणि परतही यायची. बाजारात तिला कुणी उभं केलं नाही, त्यामुळे भुजंगरावांचं नावही शाबूत राहिलं.

परतल्यावर दुर्गाबाई दारातच विचारत, "कशी चालली, भावजी?"

"चालीनं, वैनी. एकदम चालीनं," भुजंगराव सांगत, आणि पटका उडू नये म्हणून हनुवटीखाली करकचून बांधलेली सुतळी सोडायला लागत.