तुरीतला धूर

मार्गशीर्षातल्या एका पहाटे आबांनी तुरीत धूर केला. उजाडलं तेव्हा शेजारच्या वस्तीतली माणसं घरं सोडून गेली होती.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात रोज एकच प्रश्न असे. आई आज जेवेल का. तिला पोटाचा रोग होता. शहरातल्या दवाखान्यात औषधं चालू होती आणि त्या औषधांनी तिची अन्नावरची वासनाच गेली होती. तव्यावर भाकरी पडली की वासानं ती उठून ओसरीबाहेर जायची. आबा ताट पुढं करून बसायचे, आणि काही वेळानं तेच ताट उचलून मेंढरांच्या वाड्याकडं घेऊन जायचे. 

माझे वडील, आबा, यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. करमाडच्या अलीकडं आमचं कोरडवाहू रान होतं, पण त्यांचा जीव शेतीपेक्षा कळपात जास्त. मेंढरू चारा टाकून उभं राहिलं की जुनी माणसं त्याला भांगेचा पाला गुळात घालून चारायची. आबांच्या आईनंही शेवटच्या दिवसांत तो दुधात घेतला होता आणि तिच्या तोंडात घास गेला होता. आबांना एवढंच ठाऊक होतं, आणि एवढं त्यांना पुरेसं होतं. पावसाळ्यात आईचं निदान झालं त्याच आठवड्यात ते डोंगरावरच्या महादेवाच्या देवळातल्या गोसाव्याकडून मूठभर बी घेऊन आले आणि तुरीच्या मधल्या ओळीत पेरलं. त्यातली पाच झाडं जगली.

मी तेव्हा शहरात कॉलेजला होते. एसटीनं जाऊन येऊन शिकत होते. कॉलेजच्या वाचनालयात वर्तमानपत्र वाचायची सवय होती, म्हणून भांग म्हणजे गांजाचंच झाड आणि तसल्या एका झाडासाठीही माणूस आत जातो, हे घरात फक्त मला नेमकं ठाऊक होतं. मी आबांना तसं सांगितलं होतं. ते म्हणाले, "तूर डोक्याच्या वर गेलीया. कोन बघतंय?" तूर खरंच उंच होती. पण रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक जीपचा आवाज मला तुरीच्या दिशेनं वळल्यासारखा वाटायचा.

भीती एवढीच नव्हती. विद्यापीठाचं नाव आता बदलणार असं त्या वर्षी सगळीकडं बोललं जात होतं. मी लहान असताना तसा ठराव झाला होता, तेव्हा गावोगाव दलितांची घरं जाळली गेली होती. आता पुन्हा भिंतींवर घोषणा दिसत होत्या. एक पुसायचे, दुसरे लिहायचे. चिकलठाण्याच्या कंपन्यांचे भोंगे नेहमीच्या वेळी वाजत, पाळ्या सुटत, कामगार सायकलींवर बोलत जात, पण मागं कोण ऐकतंय ते आधी वळून पाहत. एकदा मी शहागंजात वहीसाठी उभी असताना कुणीतरी नुसतं "आले, आले" म्हणत पळालं, तर सबंध रस्त्याची दुकानं धडाधड बंद झाली. कुणीच आलं नव्हतं.

आमच्या रानाच्या बांधाला लागून दलितांची वस्ती होती. तिथली माणसं आमच्याकडं खुरपायला येत, आम्हीही त्यांच्या बाजरीच्या काढणीला जायचो. त्यांच्यातली एक मावशी आईच्या बरोबरीची. खुरपताना दोघी एका पातीला, एका ओळीला, लागायच्या आणि दिवसभर एकमेकींच्या नवऱ्यांची निंदा करायच्या. मात्र नामांतराबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे. बाजूनं नाही आणि विरोधातही नाही. आम्ही गप्प होतो, आणि गप्प माणसाच्या मनात काय आहे हे समोरच्याला दिसत नाही, हे मला त्या हिवाळ्यात कळलं.

दिवाळीनंतर थंडी धरली. मार्गशीर्षात तर पहाटे हौदातल्या पाण्यात हात घालवत नव्हता. तुरीतल्या त्या पाच झाडांना नुकता फुलोरा आला होता. पाला दुधात उकळून दिला की आई संध्याकाळी अर्धी भाकरी खायची, पण खरा गुण फुलोऱ्यात, असं आबा म्हणत. आणि आता हिवानं त्याच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या.

आबांनी कळपासाठी जे केलं असतं तेच झाडांसाठी केलं. संध्याकाळी प्रत्येक झाडाभोवती तीन काठ्या रोवून वर एकत्र बांधल्या आणि त्यावर घोंगडी घातली. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिची खोळ केली. धनगर पावसात आणि थंडीत डोक्यावरून घेतात तशी, पुढची दोन टोकं आवळून. घरातल्या सगळ्या घोंगड्या तुरीत गेल्या. आम्ही गोधड्यांवर निजलो. पहाटे हिव वाढलं तेव्हा त्यांनी वाऱ्याच्या बाजूला मेंढरांच्या लेंड्यांचा ढीग पेटवला आणि वर ओला पाला टाकला. जाळ दिसत नाही, नुसता धूर जमिनीसरसा पसरत राहतो. आई शेकायला म्हणून त्या धुराजवळ जाऊन बसली.

सूर्य वर येता येता बांधावर एक हवालदार आला. रस्त्यावर त्यांची गाडी थांबलेली होती. मी हंडा घेऊन उभी होते, तो खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

"काय जाळताय रं?"

"लेंड्या हायत साहेब," आबा म्हणाले. "मेंढरांना माशा लई झाल्यात."

"ह्या थंडीत माशा?"

"माशा म्हंजे... हिवासाठी, साहेब. मेंढरं काकडत्यात."

"त्यांच्या अंगावर लोकर हाय की! मी इथं स्वेटर घालून काकडतोय, मला कर की धूर." तो हसला आणि मग त्याचं लक्ष तुरीत गेलं. दाटीतून काळ्या खोळा अर्ध्यामुर्ध्या दिसत होत्या. त्याचं हसू गेलं. "ते कोन बसलंय तिथं? ए! उठा रं!"

 तेवढ्यात धुराजवळची आई तिथूनच ओरडली, "बायामाणसं बसल्यात की वो दादा! सकाळच्या पारी तुरीत कशाला बसत्यात, ते बी सांगू का आता?"

हवालदारानं झटकन पाठ फिरवली. "मग आधी सांगावं का नाय, माय!" तो पाठमोराच म्हणाला. "आन धूर बंद करा. दिवस वंगाळ हायत." बांधावरून उतरताना त्यानं एकदाही मागं बघितलं नाही.

गाडी गेल्यावर आई हसायला लागली. पोट धरून हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. आबा मात्र रस्त्याकडं तोंड करून खाली बसले होते.

मी आवरून एसटी धरायला निघाले. वाट वस्तीतून जायची. हापशीवर कुणी नव्हतं. त्या वेळी तिथं घागरींची रांग असते, रेडिओ चालू असतो, कुणीतरी कुणाच्या तरी पोराला शिव्या देत असतं. दारांना कुलपं होती. एका दाराला नुसती कडी होती, ती उघडली. चुलीवर तवा होता, तव्यात एका बाजूनं भाजलेली भाकरी, काठवटीत भिजवलेलं पीठ. चूल पाणी टाकून विझवलेली होती.

मागल्या अंगाला काहीतरी हाललं.

"कोन हाय?"

मावशीचा आवाज होता. ती शेळीजवळ बसली होती आणि तिच्या हातात खुरपं होतं.

"मी आहे, मावशी."

"एकलीच हायस? तुझ्या मागं कोन हाय?"

हे तिनं मला विचारलं. तिनं मला अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

"कुणी नाही. सगळे कुठं गेले?"

"गेली. कोन करमाडला, कोन शेहरात. लेकरं उचलली आन अंधारातच गेली."

"का पण?"

"का म्हून इचारतीस, पोरी?" ती माझ्याकडं बघत नव्हती, आमच्या रानाकडं बघत होती. "तुमच्या तुरीत माणसं बसल्यात खोळा घेऊन. सांजच्यापासून बसल्यात, हालली बी नाय. मग पहाटं धूर निघाला. आता काय, इकडंच यायची."

"तू का नाही गेलीस?"

"शेळी व्यायाला झालीया. आन मला पळवत नाय. माझं माहेर जाळलं तवा पळाले, तेवढं बास झालं."

मी तशीच घरी पळत आले.

आबांनी ऐकलं आणि वस्तीकडं पाहिलं. मग म्हणाले, "जाऊन सांगितलं तर सगळ्यास्नी कळल. एकजन बोलला की मला नेत्यात. मंग हिच्याकडं कोन बघनार?"

"आन नाय सांगितलं तर?" आई म्हणाली.

"येतील की घरी. काय झालं नाय म्हनल्यावर येतील."

"माझ्या घासापायी त्यांची लेकरं हिवात उघड्यावर ऱ्हायची व्हय? इझवा ते."

"आजच्या रातीत फुलोरा काळा पडल."

"पडू द्या."

आईनं हंडा उचलला. तो तिला पेलला नाही. पाणी तिच्या पायांवर सांडलं, पण हंडा तिनं सोडला नाही. आबांनी तो तिच्याकडून घेतला, धुरावर ओतला, आणि झाडांवरच्या घोंगड्या एक एक करून काढल्या. त्या खांद्यावर टाकून ते वस्तीकडं गेले. मी आईचा हात धरून ओट्यावर उभी होते. तिचा हात गार होता. आबा मावशीशी काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. ते एकेक घोंगडी झटकून उलगडून दाखवत होते, एवढं दिसत होतं. आतून कुणी निघालं नाही, याचा पुरावा देत असल्यासारखे.

मग मावशी त्यांच्यामागून तुरीत आली. आम्ही दोघीही तिथं गेलो. खुरपं अजून हातातच होतं. तिनं झाडं पाहिली, फुलोऱ्याला नाक लावलं आणि आईकडं वळली.

"ह्याच्यापायी?"

"व्हय," आई म्हणाली. "माझ्यापायी."

"धूर तुमचा खराच असल, वहिनी," मावशी म्हणाली. "पर दर वक्ताला आम्ही येऊन इचारायचं का, हा कसला धूर म्हून?"

  ती जायला निघाली. मला वाटलं, आता ती रस्त्याला लागेल, आणि तिथं पोलिसांची गाडी उभीच असेल. बांधाशी ती थांबली.

"माझ्या जावयानं कंपनीतले खोके आणल्यात छपराला लावाया. पुठ्ठ्याचे. न्हेऊन घाला ह्यास्नी. त्याच्यावर अक्षरं हायत. माणूस बसल्यावानी दिसायचं नाय."

आबांनी दुपारी ते खोके आणले. एवढाले, वर बाण काढलेले, 'पाण्यापासून जपा' असं छापलेले. झाडांवर ते उपडे घातले. तीन झाडं तगली, दोन काळी पडली.

वस्तीतली माणसं दोन-तीन दिवसांत हळूहळू परतली. दोन घरं परतली नाहीत. मावशीनं कुणाला काय सांगितलं, हे आम्हाला कधी कळलं नाही. आबा रोज दिवस मावळेपर्यंत रस्त्याकडं तोंड करून बसत. जीप आली की उभे राहत, गेली की बसत. पोलीस आले नाहीत. फुलोरा तयार झाला, आबांनी तो कापून सावलीत वाळवला आणि झाडं मुळासकट उपटून जाळली. तीही भर दुपारी, उन्हात, वस्तीला आधी सांगून.

त्यानंतर काही दिवस आई जेवली. भाजी आळणी आहे म्हणून तिनं मला बोल लावला, तो दिवस मला आठवतो.

संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. गावात पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या आणि कुणी घराबाहेर पडत नव्हतं. सण होता, गुळाच्या पोळ्या करायच्या होत्या. पण आईनं मला चूल पेटवू दिली नाही. उन्हं ओट्यावर आली तरी नाही. ती उंबऱ्यात बसून वस्तीकडं बघत होती. बऱ्याच वेळानं मावशीच्या छपरातून धूर निघाला, सरळ वर गेला. मग शेजारच्या छपरातून निघाला.

"आता पेटव," आई म्हणाली.

चैत्रात आई गेली. मावशी आली, तिच्या पायाशी बसली आणि सगळे उठल्यावर उठली.

आमचं रान पुढं कारखान्यांत गेलं. वस्ती रस्त्याच्या पलीकडं हलली. मावशी आता नाही. आबा मागच्या पावसाळ्यात गेले. त्या घोंगड्यांपैकी एक माझ्याकडं आहे.