क्लिप लावल्याशिवाय

गडचांदूरला दोन गोष्टी फुकट मिळतात, सिमेंटची धूळ आणि सल्ला. धूळ हाफिजभाईनं जन्मभर खाल्ली आणि सल्ला जन्मभर दिला. तोसुद्धा एकाच विषयावर, वजन कसं उचलावं.

बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं लेथ मशीनचं दुकान होतं. दिवसभर ट्रकचे शाफ्ट तासायचे, पिठाच्या गिरण्या दुरुस्त करायच्या, वेल्डिंग करायचं. दुकानामागे टिनाची शेड आणि शेडमध्ये जिम. आरसे नाहीत, गाणी नाहीत, पंखा एकच आणि तोही मनाला येईल तेव्हा फिरणारा. बेंच भंगारातल्या अँगलचा, बार एका जुन्या शाफ्टचा. प्लेटा त्यानं स्वतः लेथवर कातल्या होत्या आणि कापसाच्या काट्यावर नेऊन तोलल्या होत्या. "बाजारच्या प्लेटवर वीस किलो लिवलेलं रायते. माह्या प्लेटमधी वीस किलो रायते," असं तो ऐटीत सांगायचा. पंचवीस वर्षांत गावातली आणि आसपासच्या खेड्यांतली शेकडो पोरं त्या बेंचवर आडवी होऊन, छाती रुंद करून उठली होती.

बेंच प्रेस तशी दिसायला सोपी. बाकावर उताणं पडायचं, वरच्या खुंट्यांवरचा बार काढायचा, छातीला टेकवायचा, परत वर लोटायचा. पण हाफिजभाईसमोर पडलं की सोपं काहीच नसे. "पाय जमिनीत गाड. लग्नातल्या खुर्चीवर बसला काय, लोंबकळत? खांद्याची पाती मांगं आवळ. अंगठा बाराखालून घाल. आता श्वास घे, धर, आन खाली. छातीच्या खालच्या अंगाले, गळ्याकडं नाई. गळा कव्वालीसाठी हाय, बारासाठी नाई." हे सगळं तो पोराच्या डोक्याशी उभा राहून सांगायचा, दोन्ही हात बाराखाली धरून. बार अडला की त्याचे हात आपोआप लागायचे. त्याआधी नाही.

भिंतीवर लाल ऑइलपेंटनं एकच नियम लिहिलेला होता. 'क्लिप लावल्याशिवाय बार उचलू नये. हुकुमावरून.' क्लिप म्हणजे बाराच्या टोकाला बसवायचं कडं. ते लावलं की प्लेट सरकत नाही. या नियमाला कारण अल्ताफ. हाफिजभाईचा लहानपणचा दोस्त, टेम्पो चालवणारा. दहा-बारा वर्षांपूर्वी अल्ताफ जवळ उभा असताना कुणाचा तरी बार कलला, प्लेट घसरली आणि त्याच्या पायाची दोन बोटं गेली. अल्ताफ ते हसण्यावारी नेई. "माझी दोन बोटं या जिमच्या पायाभरणीत हायेत," म्हणे. हाफिजभाईनं मात्र ते मनाला लावून घेतलं. त्यानं स्वतः क्लिपा बनवल्या, जाड लोखंडी कडी, त्यात बोल्ट. बाजारातली स्प्रिंगची क्लिप दोन बोटांनी निघते. हाफिजभाईची पान्यानं आवळली की पान्याशिवाय हलत नसे. पाना शेजारीच खिळ्याला टांगलेला. जो क्लिप विसरेल त्याला शंभर बैठका. यात कुणाला माफी नव्हती, अल्ताफलाही नाही.

प्रफुलला मात्र बैठका मारायची पाळी कधीच आली नाही. कोरपन्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातला हा पोरगा, वय चोवीस. बाप दादाजी, आई शकुबाई, घरी कापूस आणि सोयाबीन. प्रफुल सिमेंटच्या पॅकिंगला ठेकेदाराकडे कामाला होता. आला तेव्हा हाफिजभाईनं सांगितलं, एक महिना नुसता रिकामा बार मार. मग हाफिजभाई विसरून गेला. प्रफुल दोन महिने रिकामा बार मारत राहिला. लक्षात आल्यावर हाफिजभाईनं कपाळावर हात मारला. "अरे, बोलायचं नाई काय?" पोरगा म्हणाला, "तुमी थांब म्हटलं नाई ना, उस्ताद." शेडभर हशा पिकला. हाफिजभाईही हसला. पण त्या रात्री त्यानं जैनबला, आपल्या बायकोला सांगितलं की असा शागीर्द एखादाच मिळतो.

गेल्या हिवाळ्यात चंद्रपूरच्या स्पर्धेत प्रफुल दुसरा आला. एकशेदहा किलो. मेडल घेऊन आधी शेडमध्ये आला, उस्तादाच्या हातात ठेवलं, मगच घरी गेला.

या उन्हाळ्यात त्याची दुसरी पाळी लागली. संध्याकाळी जिम उघडायची तेव्हा हा पॅकिंगला. स्पर्धा पुन्हा जवळ येत होती. हाफिजभाईनं शेडची जादा किल्ली काढून त्याच्या हातात दिली. "सकाळी येत जा, तुह्या टायमानं."

किल्ली देताना आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. हाफिजभाई अठरा वर्षांचा असताना बल्लारपूरच्या त्याच्या उस्तादानं ती त्याला सांगितली होती: "अकेला है तो क्लिप मत लगाना, बेटा. फँस गया तो बार तिरछा कर, प्लेट गिरा और निकल जा." जमीन फुटली तर फुटली, माणूस सुटतो. हे हाफिजभाईला पक्कं ठाऊक होतं. पण बेंचवर कुणी एकटं पडेल हेच त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं, कारण डोक्याशी तो स्वतः उभा असायचा. आणि त्याच माणसानं स्वतःच्या हातानं किल्ली दिली, स्वतःच्या लाल अक्षरांखाली पोराला एकटं सोडलं, आणि ते एक वाक्य बोलला नाही.

श्रावणातला गुरुवार होता. हाफिजभाई जिवतीला एका गिरणीचा शाफ्ट बसवायला गेला होता. घाट उतरून दुपारी परतला तर शेडचं दार नुसतं लोटलेलं. आत प्रफुल बेंचवर होता आणि बार त्याच्यावर होता, छातीवरून गळ्याकडे सरकलेला. एकशेपाच किलो. अंग गार पडलं होतं. हाफिजभाईनं एकट्यानं तो बार उचलून फेकला. आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. अल्ताफ आला. त्यानं पोराकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या बाराकडे. इतक्या जोरात आपटूनही एक प्लेट जागची हलली नव्हती. दोन्ही क्लिपा घट्ट आवळलेल्या होत्या. पाना खिळ्याला व्यवस्थित टांगलेला होता. अल्ताफनं वर बघितलं तेव्हा दोघांची नजर भेटली, आणि दोघांनाही कळलं की दुसऱ्यालाही कळलंय.

पोलीस आले, पंचनामा झाला. जमादार वयस्कर होता, बोलायला मऊ होता. वहीत डोकं घालून त्यानं विचारलं, "एकट्यानं करू नोको म्हून तुमी सांगतलं असंनच ना त्याले?"

गल्लीतली चार माणसं भोवती उभी होती. हाफिजभाईची मान हलली. हो म्हणून. तोंडातून शब्द निघालाच नाही, पण वहीत लिहायला मान पुरते.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. उस्तादानं बजावलं होतं, पोट्ट्यानं ऐकलं नाही. जवानीची मस्ती. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, त्यामुळे लोक त्याच्याबद्दल फार खात्रीनं बोलतात.

शेडला कुलूप लागलं. हाफिजभाई दुकान उघडायचा, लेथ चालू करायचा, काम न लावता तसाच बसायचा. अल्ताफ रोज येऊन बसे. एकदा हाफिजभाईनं विषय काढला तर अल्ताफनं आधी गल्लीत डोकावून पाहिलं. "चुप बैठ. मुँह खोला तो केस बनेगा. और बोलने से लडका वापस आएगा क्या?"

"नहीं आएगा," हाफिजभाई म्हणाला.

"फिर?"

अल्ताफचं मन वाईट नव्हतं, त्याला दोस्त वाचवायचा होता. पण हाफिजभाई नमाजला उभा राहिला की मान खाली घालताना त्याला ती दुसरी मान आठवायची, जमादारासमोर हललेली.

नवव्या दिवशी, शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून तो परतला, तर दुकानाच्या पायरीवर दादाजी बसला होता. डोकं भादरलेलं, पायात धुळीनं पांढरी झालेली चप्पल. हाफिजभाईला पाहताच उठला आणि त्यानं चक्क हात जोडले.

"हाफिजभाऊ, माफी मांगाले आलो."

"माफी? कायची, दादाजीभाऊ?"

"आमच्या पोरानं तुमचं ऐकलं नाई. तुमच्या जाग्यावर डाग लावला. पोलीस आनला दारात. मी त्याले लहानपनापासून एकच शिकवलं होतं, शिकवनाऱ्याचं ऐकाव. तेवढंबी त्याच्यानं झालं नाई." म्हातारा बोलताना रडत नव्हता, हे फार वाईट होतं. "त्याची माय म्हने, ते मेडल फोटोले घालू. म्या नाई म्हटलं. पेटीत टाकलं. मास्तरचं ऐकलं नाई त्याच्या गळ्यात काऊन घालाचं मेडल?"

हाफिजभाईनं पाणी आणून दिलं. एवढंच त्याला जमलं. दादाजीनं पाणी प्यायलं, पेला पालथा ठेवला. "मंगळवारी तेरवी हाय. तुमी याच," म्हणाला आणि बस पकडायला गेला.

त्यानंतरचे दिवस हाफिजभाईनं कसे काढले ते त्यालाच माहीत. एकदा शेड उघडून आत गेला. बार तिथेच पडला होता. त्यानं पाना घेतला आणि क्लिपा सोडवायला लागला. स्वतःच्याच हातची वस्तू, पण बोल्ट निघता निघेना. पोरानं आवळलेलाच तसा होता, जीव लावून, शिकवल्याप्रमाणे. हाफिजभाई तिथेच जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडला.

मंगळवारी तो निघाला तेव्हा अल्ताफ टेम्पो आडवा लावून उभा होता. "जा रहा है तो खाके आ जा. बोलना मत कुछ." हाफिजभाई टेम्पोला वळसा घालून बस स्टँडवर गेला.

अंगणात मांडव होता. पंगत बसायची होती. खुर्चीवर प्रफुलचा फोटो, स्पर्धेतलाच, छाती पुढे काढलेला. झेंडूचा हार होता, मेडल नव्हतं. दादाजीनं पुढे होऊन त्याला बसायला सतरंजी दाखवली. हाफिजभाई बसला नाही. एकांतात सांगावं असं बसमध्ये ठरवून आला होता. पण मान त्यानं चार माणसांत हलवली होती. मग बोलणंही चार माणसांतच व्हायला हवं.

"दादाजीभाऊ, तुमी माफी मांगली ते चुकलं," तो म्हणाला. आवाज चढलेला होता, त्यामुळे मांडव गप्प झाला. "म्या त्याले एकट्यानं करू नोको असं सांगतलंच नव्हतं. किल्ली म्याच देल्ली. पोलिसासमोर म्या खोटी मान हलवली."

दादाजी एक पाऊल पुढे आला.

"अजून हाय. बाराले क्लिप नसती तर फसलेला मानूस बार कलवते, प्लेटा पडतेत, मानूस सुटते. एकट्यानं क्लिप लावाची नाई, हे मले ठाऊक होतं. म्या त्याले उलटंच शिकवलं. क्लिप लावल्याशिवाय उचलाचं नाई. दुसरं कोनतंबी पोट्टं असतं तर आळस केला असता, वाचलं असतं. यानं लावली. दोन्हीकडून, पान्यानं आवळून." त्यानं फोटोकडे हात केला. "त्यानं ऐकलं नाई असं नाई. त्यानं ऐकलं म्हून गेला."

कुणीतरी मागून शिवी दिली. कुणीतरी त्याला गप्प केलं. घराच्या दारात शकुबाई उभी होती, ती कधी आली ते कुणाला कळलं नव्हतं.

"म्हंजे माहा पोरगा ऐकत होता?" तिनं विचारलं.

"हाव बाई. सगळ्यात जास्त."

ती आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर येऊन तिनं मेडल फोटोला घातलं. निळी फीत हारात अडकली, तेव्हा दादाजी पुढे झाला, त्यानं ती सोडवली आणि मेडल नीट छातीवर आणून ठेवलं. मग हाफिजभाईकडे वळला.

"जेवून जा. तेरवीच्या दारातून कोनी उपाशी जात नाई." मग म्हणाला, "आन मंग या घरी पुना येऊ नोका."

हाफिजभाई पंगतीत टोकाला बसला. त्याच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. शकुबाईला त्या दिवशी कुणी कामाला हात लावू देत नव्हतं, पण ती उठली, वरणाचं भांडं पोराकडून घेतलं आणि पंगतीच्या टोकापासून वाढायला लागली. त्याच्यासमोर वाकली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "हाक मारली असंन काय हो त्यानं?"

नाही म्हणणं सोपं होतं. नुसती मान हलवली असती तरी त्या माउलीला तेवढाच धीर आला असता.

"मले मालूम नाई, बाई," हाफिजभाई म्हणाला. "मी नव्हतो तिथी."

शकुबाईनं त्याच्या भातावर आणखी एक पळी वरण घातलं आणि पुढच्या पानाकडे गेली.