पूर्वेचं एकटं भोक

रुमेना कोलारोवा ड्रिलने काढलेली खडकाची कांडी हातात घेतली की आधी तिला जीभ लावायची. ओल्या खडकात तांबं उठून दिसतं, एवढंच कारण. पण स्रेद्ना गोराच्या डोंगरातल्या त्या तांब्याच्या खाणीवर सगळे म्हणायचे, "रुमेना चाखूनच टक्के सांगते." खरं काम अवघड होतं. दोन भोकांच्या मधल्या, कुणीच न पाहिलेल्या खडकात तांबं किती असेल, ते ती सांगायची. तिच्या शब्दावर सुरुंग लागायचे.

त्या वसंतात पूर्वेच्या एका भोकात तीन टक्के तांबं निघालं. आजूबाजूला अर्धा टक्काही नव्हता. मुख्य इंजिनिअर दोब्रेव हरखले. "खाण पूर्वेला वाढवायची! शितावरून भाताची परीक्षा!"

"शीत त्याच भातातलं हवं ना, साहेब," म्हणत रुमेना कांड्यांच्या पेट्या बघायला गेली. तीन मीटर भोकातून जेमतेम मीटरभर खडक हाती आला होता, सगळे कठीण, चकाकते तुकडे. मधला मऊ, बिनतांब्याचा भाग ड्रिलच्या पाण्यानं धुऊन नेला होता, म्हणून उरलेल्यात टक्का फुगला होता.

ती ड्रिलवाल्या मिंचोकडे गेली. "मिंचोदादा, पाणी जोरात होतं ना?"

"म्हणजे खापर माझ्यावर? मी भोक पाडतो बाई, तांबं पेरत नाही!"

"खडकच ठिसूळ आहे. शेजारी आणखी एक पाडा. सावकाश, कमी पाण्यात."

"आणि पुन्हा तीनच आले तर?"

"तर यंदा तुमच्या वाइनची द्राक्षं मी तुडवते."

मिंचो खो खो हसला आणि कामाला लागला. या वेळी पेटी गच्च भरली. तांबं निघालं पाऊण टक्का.

"माझी खाणच लहान केलीस तू!" दोब्रेव फणफणले.

"लहान नाही, वळवली." तिनं नकाशावर उत्तरेला बोट ठेवलं. तिथल्या भोकांत डोळे दिपावेत असं काही नव्हतं, पण प्रत्येक भोक शेजारच्यासारखंच होतं. "ही एकमेकांची साक्ष देतात, साहेब. पूर्वेचं एकटंच ओरडत होतं."

"आणि तू चुकलीस तर?"

"थोडी चुकेनच. किती, तेही सांगून ठेवलंय."

दोब्रेवांनी नकाशावरची पूर्वेची रेघ खोडली. मग खाणीचा रस्ता उत्तरेला वळला.

शरदात तिथला पहिला माल खडक दळायच्या गिरणीत गेला. कॅन्टीनमध्ये रुमेना आतड्यांचं सूप पीत होती. मिंचो समोर येऊन बसला.

"तुझ्या अंदाजापेक्षा जास्त निघालं की गं! चुकलीस!"

"चुकले," ती पाव मोडत म्हणाली. "लसूण सरकवा इकडे. जेवण झालं की नवे आकडे बसवते."