पान सत्तेचाळीस का बदललं

सावेडीच्या जालिंदर शिरसाठ सरांना पोटच्या पोरीचा हेवा वाटायचा. बापाला लेकीचा हेवा वाटतो म्हणजे काय, असं कुणीही म्हणेल. पण वाटायचा, आणि चांगला सणसणीत वाटायचा.

सर आयटीआयमध्ये तीस वर्षं मोटर बांधायला शिकवून रिटायर झालेले. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार उपसून नवी भरायची, याला मोटर बांधणं म्हणतात. त्यावर सरांनी मराठीत पुस्तक लिहिलं आणि स्वतःच छापलं. पुस्तक कसलं, कड्यांची फाईलच ती! कंपन्या दर वर्षी नवं मॉडेल काढणार, मग शिवलेलं पुस्तक शिळं व्हायला कितीसा वेळ? म्हणून पानं सुटी. दर सहा महिन्यांनी वाचकाला पोस्टानं नवी पानं जायची; जुनं काढायचं, नवं अडकवायचं. प्रत्येक नव्या पानाच्या तळाशी ‘का बदललं’ अशी एक ओळ असायचीच. हा नियम सरांचा स्वतःचा, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. नेवाशापासून पाथर्डीपर्यंत अकराशे मेकॅनिकांकडं ही ‘शिरसाठ सरांची फाईल’ होती.

तक्रारी आधी पोस्टकार्डानं यायच्या. सर उत्तर द्यायचे, नाही असं नाही. पण उत्तर काय, तर ‘पान बारा नीट वाचावे.’ बस्स. समोरच्यानं बारा वेळा वाचून मगच कार्ड टाकलंय, हे सरांच्या गावी नसायचं.

मग लेक सायली इंजिनियर झाली, घरूनच कंपनीचं काम करायला लागली, आणि तक्रारींसाठी तिनं एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर घेतला. ती लोकांकडून मोटरीचे फोटो मागवायची, व्हिडिओ करून पाठवायची, दुसऱ्या दिवशी ‘झालं का काम?’ म्हणून विचारायची. वर्ष झालं नाही तोच फाईल राहिली बाजूला, जो तो म्हणायला लागला, ताईला विचारा. एकदा तर राहुरीचा एक मेकॅनिक पेढे घेऊन दारात आला. सरांनीच दार उघडलं. तो म्हणाला, “ताई हायेत का?”

सरांनी तो पेढा खाल्ला नाही.

“पोटात दुखतंय का?” सुमनबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं. “ओवा देऊ?”

“मला काय धाड भरलीय!” सर खेकसले. पण अंगाचा तिळपापड झालेलाच होता. तीस वर्षं फळ्याचा खडू आपण खाल्ला, आणि ताई कोण, तर जिच्या हाताला कधी वार्निशचा वास लागला नाही! नंबर काढून घ्यावा असं त्यांना रोज वाटायचं. पण काढून घ्यायला काही निमित्त तर पाहिजे ना.

निमित्त आलं ते सोनईहून. सरांचा जुना विद्यार्थी पुंजाराम याचा निरोप होता, ‘पान सत्तेचाळीस परमानं तीन मोटरी बांधल्या. तिन्ही जळाल्या. गाव तोंडात शेन घालतंय.’

पान सत्तेचाळीस! चार महिन्यांपूर्वी सायलीनंच ते बदललं होतं. गेल्या वर्षी निघालेल्या आणि यंदा जिकडंतिकडं झालेल्या एका मोटरीचं ते पान. सरांनी त्यात चोवीस नंबरची तार लिहिली होती, पोरीनं बावीस केली. ती दाखवायला आली तेव्हा सरांनी बघितलंसुद्धा नव्हतं; ‘तू शहाणी, तुझं तू बघ’ एवढंच म्हणाले होते. आता खोटं कशाला बोलायचं, तीन मोटरी जळाल्याचं वाचून सरांना आधी आनंद झाला. मग लाज वाटली, पण आनंदाच्या मागून.

सायलीचा चेहरा उतरला होता. “पप्पा, मी येते सोबत.”

“काही गरज नाही. ज्याची विद्या, त्यानंच घोळ निस्तरावा,” असं म्हणून सरांनी स्कूटरला किक मारली. घोडेगाव येईस्तोवर त्यांचं मनातल्या मनात भाषण तयार झालं होतं. घरी परतल्यावर पहिलं वाक्य, ‘आजपासून तो नंबर माझ्याकडं.’

पुंजारामनं पाया पडून खुर्ची पुसली. दुकानात तिन्ही मोटरी उघड्या पडल्या होत्या, तार कोळशागत काळी. सरांनी एक तुकडा खरवडला, मोजला आणि पुन्हा मोजला. चोवीस.

“अरे, ही चोवीस नंबर आहे. बावीस नाही.”

“व्हय की. तुमचीच.”

कोपऱ्यात त्याच कंपनीची एक मोटर बेअरिंगसाठी आली होती, न जळालेली. सरांनी ती उघडली आणि कंपनीची तार मोजली. ती बावीस निघाली. म्हणजे पोरीचंच पान बरोबर होतं. नंबर वाढला की तार बारीक होते, आणि बारीक तारेवर जादा भार पडला की मोटर जळते. हे त्यांनी हजार पोरांना शिकवलेलं.

“नवं पान आलं नव्हतं का तुला?”

“आलं ना.” पुंजारामनं फाईल उघडली. दोन्ही पानं एकामागं एक होती. “खाली लिवलंय, छपाईची चूक. आता गेल्या वर्षी नेवाशाच्या शिबिरात तुमी सोता फळ्यावर चोवीस लिवलं, आमी वहीत उतरवलं. मंग जुनी छपाई चुकली कशी? मी म्हनलं, चुकली आसंल तर ही नवीच. आन् सरांचं पान फाडायचं म्हंजी… न्हाई बा झालं मन.”

एवढ्या अकराशे जणांत ताईपेक्षा सरांना मानणारा एक माणूस निघाला होता, आणि त्याचीच अब्रू सरांनी जाळली होती.

घरी आले तेव्हा सायली दारातच उभी होती.

“छपाईची चूक असं का लिहिलंस? ती ओळ वाचून पुंजारामनं माझंच जुनं पान खरं धरलं.” सरांनी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

“मग काय लिहू? पान एकोणीसची चूक दाखवली तर चार दिवस जेवला नव्हतात तुम्ही.” मग तिनं मोबाईल पुढं केला. “पप्पा, लोकांच्या मोटरी जळाल्या माझ्या पायी. हा नंबर तुम्हीच सांभाळा. मला नको.”

वर्षभर ज्याच्यासाठी जीव जळला तो मोबाईल आयता हातात आला. सर तो घेऊन खुर्चीत बसले. एका बोटानं, चष्मा कपाळावर सरकवत, बराच वेळ लिहीत राहिले. मग पाठवलं आणि मोबाईल तिच्या हातात परत दिला.

सायलीनं वाचलं. ‘पान ४७ का बदललं: जुना आकडा जालिंदर शिरसाठ यांनीच चुकीचा लिहिला व नेवासे शिबिरात चुकीचा शिकवला. चूक सायलीने शोधली. सरांचे पान आजच फाडून टाकावे.’

“पप्पा! अकराशे लोकांना गेलं हे. एवढं कशाला लिहायचं?”

“माझ्यावरचा विश्वास उडाल्याशिवाय पुंजाराम ते पान फाडायचा नाही,” सर म्हणाले.

तेवढ्यात मोबाईल वाजला. लगेच दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. सायली बघायला गेली तसं सरांनी तोंड फिरवलं.

“मला वाचून दाखवू नकोस,” ते म्हणाले. “ताईलाच असणार.”